गोलंदाजाचे हरवलेले दोन आकडे परत छापा

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांचे संपादक, क्रिकेटची मराठी संकेतस्थळं चालवणारे आणि मराठीतून समालोचन करणारी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गोलंदाजीचं पृथक्करण चार आकड्यांचं असतं: षटकं, निर्धाव (म्हणजे एकही धाव न दिलेली षटकं), धावा, बळी. हल्ली बातमीत आणि पडद्यावरच्या पट्टीत त्यातले शेवटचे दोनच उरले आहेत. जागा कमी पडते, हे कारण आम्हाला समजतं. पण त्याच पानावर फलंदाजाचे चेंडू, चौकार, षटकार, स्ट्राइक रेट सगळं बसतं, वर त्याने कुठे कुठे फटके मारले त्याचं रंगीत चाकही बसतं. गोलंदाजाच्या वाट्याला मात्र 'इतक्या धावांत इतके बळी', की झालं.

याच पद्धतीने लिहिलेली तीन पृथक्करणं घ्या. ५ धावांत ० बळी. १९५ धावांत १ बळी. ६० धावांत २ बळी. पहिल्याने एखादं षटक टाकून चेंडू दुसऱ्याच्या हाती दिला असावा, दुसऱ्याला बेदम चोप बसला असावा आणि तिसऱ्याचा दिवस यथातथाच गेला असावा, असं कोणीही म्हणेल. हे तिघं म्हणजे नाशिकचे बापू नाडकर्णी, डोंबिवलीचा नीलेश कुलकर्णी आणि श्रीरामपूरचा झहीर खान. तिघांच्याही बाबतीत तो अंदाज साफ चुकीचा आहे, आणि चूक वाचकाची नाही.

नाडकर्णींचं पूर्ण पृथक्करण ३२-२७-५-०. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. आम्ही गुणलेखक षटकाच्या चौकोनात निर्धाव चेंडूला ठिपका देतो. सहाही ठिपके पडले की ते जोडून इंग्रजी एम काढायचा आणि त्या षटकात बळी पडला असेल तर डब्ल्यू, अशी जुनी रीत आहे. त्या हिशेबाने नाडकर्णींच्या ओळीत ३२ चौकोन आणि त्यांतल्या २७ चौकोनांत एम. सलग २१ षटकं निर्धाव, सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. हे चार टप्प्यांत, म्हणजे सलग टाकलेल्या षटकांच्या चार हप्त्यांत झालं: ३-३-०-०, ७-५-२-०, १९-१८-१-० आणि ३-१-२-०. बेरीज करून बघा, चारही रकाने जुळतात. तिसऱ्या टप्प्यात १९ षटकांत एक धाव निघाली. त्यांच्या चार टप्प्यांतला हा सगळ्यात लांबलेला. नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू पाडण्याचा त्यांचा सराव सगळ्यांना ऐकून माहीत आहे. त्या सरावाचं फळ कागदावर दिसतं ते पहिल्या दोन रकान्यांत, आणि आपण नेमके तेच दोन कापतो.

पण चार रकाने छापले की दुसरीही एक गोष्ट उघड होते, आणि ती नाडकर्णींच्या भक्तांना फारशी रुचत नाही. त्याच डावात पुण्याच्या चंदू बोर्डे यांचं पृथक्करण होतं ६७.४-३०-८८-५ (६७.४ म्हणजे ६७ षटकं आणि ४ चेंडू). म्हणजे षटकामागे १.३ धावा, आणि वर पाच बळी. इंग्लंडचे फलंदाज त्या डावात मुळातच धावांमागे लागलेले नव्हते. एका टोकाला धावा कोंडल्या गेल्या, दुसऱ्या टोकाला लेगस्पिनला बळी मिळाले. हे दोन आकडे एकमेकांशेजारी छापले तरच त्यांचा अर्थ लागतो. आज नाडकर्णींची निर्धाव षटकं शाळकरी मुलालाही पाठ असतात, बोर्डे यांचे पाच बळी मात्र कोणाच्या ध्यानात नाहीत.

नीलेश कुलकर्णीचं पृथक्करण ७०-१२-१९५-१. ऑगस्ट १९९७, कोलंबोचं प्रेमदासा मैदान. कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्याने मार्वन अटापट्टूला यष्टिरक्षक नयन मोंगियाकडे झेल द्यायला लावला. असं करणारा तो पहिला भारतीय. त्यानंतरच्या ४१९ वैध चेंडूंवर एकही बळी नाही. चोप म्हणाल, तर श्रीलंकेने २७१ षटकांत ६ बाद ९५२ केल्या, म्हणजे षटकामागे साडेतीन धावा. कुलकर्णीने षटकामागे २.८ दिल्या. त्याच डावात अनिल कुंबळेला २२३ धावांत एक आणि राजेश चौहानला २७६ धावांत एक बळी मिळाला. 'षटकं' हा रकाना असेल तर पहिल्या सामन्यातल्या या पोराने ७० षटकं टाकली आणि दोन्ही अनुभवी फिरकीपटूंपेक्षा कमी धावा दिल्या, हे वाचकाला दिसतं. रकाना काढला की उरते ती फक्त नामुष्की.

झहीरचे आकडे तर मुंबईतले. २ एप्रिल २०११, वानखेडे, विश्वचषकाचा अंतिम सामना, १०-३-६०-२. त्याची पहिली पाच षटकं ५-३-६-१ अशी होती. उपुल तरंगाचा झेल सेहवागने स्लिपमध्ये घेतला. राहिलेल्या पाच षटकांत ५४ धावा गेल्या, त्यातल्या ३५ शेवटच्या दोन षटकांत, कारण श्रीलंकेने अखेरीस पॉवर प्लेमध्ये दणका दिला. म्हणजे एकाच डावात एकाच माणसाने दोन वेगळ्या गोष्टी केल्या, आणि '६० धावांत २' हा त्या दोन्हींचा सरासरी धुरळा आहे. निर्धावच्या रकान्यातला तो ३ तेवढा वाचकाला सावध करतो की सुरुवातीला इथे काहीतरी घडलं होतं.

आता ज्यांच्या पराक्रमावर पानंच्या पानं छापून येतात, त्यांच्याकडे वळू. कसोटीच्या एका डावात दहाच्या दहा बळी तीनच जणांनी घेतलेत: इंग्लंडचे जिम लेकर, आपला अनिल कुंबळे आणि न्यूझीलंडचा एजाझ पटेल. ५३ धावांत १०, ७४ धावांत १० आणि ११९ धावांत १०. हे तीन आकडे एकाखाली एक मांडून 'सर्वोत्तम कोण' अशी चौकट दर वर्षी कुठे ना कुठे येते आणि कमी धावांच्या क्रमाने पदकं वाटली जातात. पूर्ण पृथक्करणं अशी: लेकर ५१.२-२३-५३-१०, कुंबळे २६.३-९-७४-१०, एजाझ ४७.५-१२-११९-१०. चेंडूंत मोजा: लेकर ३०८, कुंबळे १५९, एजाझ २८७. दर बळीमागे कुंबळेला १६ चेंडूही लागले नाहीत, लेकरला जवळजवळ ३१ लागले. धावांच्या रकान्याने एक क्रम लागतो, षटकांच्या रकान्याने तो पार बदलतो. आमच्या मते दोन्ही क्रम अपुरे आहेत, कारण दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं ते अजून आलेलंच नाही.

ओल्ड ट्रॅफर्ड, जुलै १९५६. लेकर यांनी सामन्यात ६८ षटकांत ९० धावा देऊन १९ बळी घेतले, आणि ते सगळे एकाच बाजूने, स्ट्रेटफर्ड एंडकडून. दुसऱ्या बाजूने टोनी लॉक. डावखुरा फिरकीपटू, त्याच खेळपट्टीवर, दोन्ही डाव मिळून ६९ षटकं, १०६ धावा, एक बळी. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात त्यांचं पृथक्करण ५५-३०-६९-०. खेळपट्टी झाकायची पद्धत तेव्हा नव्हती, पाऊस येऊन जाऊन होता, चेंडू वळत होता. तो लॉकसाठीही वळत होता. फरक वेगात आणि टप्प्यात पडला. लेकर हवेत वेळ देत, ऑफस्टंपच्या रोखाने पुढे टाकत आणि चेंडू आत वळून लेगच्या बाजूला लावलेल्या झेलकऱ्यांकडे जाई. बळी मिळेना तसा लॉक जोर लावत गेले आणि चेंडू उडून बॅटपासून लांब जात राहिला. लेकर यांच्या त्या दहा बळींत सहा झेल, दोन पायचीत, दोन त्रिफळा. सहापैकी तीन झेल ॲलन ओकमन यांनी घेतले आणि दोन खुद्द लॉक यांनी. ५५ षटकांत एकही बळी न मिळालेल्या माणसाने दुसऱ्याच्या गोलंदाजीवर दोन झेल टिपले, हे 'लेकर ५३ धावांत १०' या ओळीतून कोणाला कळणार?

कुंबळेचा डाव, ७ फेब्रुवारी १९९९, दिल्लीचा कोटला. मालिकेच्या आधी ती खेळपट्टी उखडली गेली होती, तिची डागडुजी करून सामना झाला आणि चेंडू कमी-जास्त उसळत होता. पाकिस्तानपुढे ४२० धावांचं लक्ष्य होतं आणि बिनबाद १०१ झाल्या होत्या. उपाहारापर्यंत कुंबळे ६-०-२७-०. उपाहारानंतर बाजू बदलली, पॅव्हिलियन एंडकडून चेंडू हातात घेतला आणि पुढचं पृथक्करण २०.३-९-४७-१०. एकाच माणसाची दोन टोकं, दोन निकाल. 'दहा बळी' ही बातमी आहेच, पण गोलंदाजी शिकणाऱ्या मुलासाठी खरा धडा आहे तो बाजू बदलण्यात: सुसाट, सपाट लेगस्पिन टाकणाऱ्याला वळणापेक्षा असमान उसळी जास्त उपयोगी पडते, आणि ती खेळपट्टीच्या एकाच अर्ध्या भागात असू शकते. पाच झेल, तीन पायचीत, दोन त्रिफळा. शेवटी नऊ बळी झाल्यावर श्रीनाथने दुसऱ्या टोकाने मुद्दाम यष्ट्यांपासून लांब चेंडू टाकले आणि वसीम अक्रमचा झेल लक्ष्मणने शॉर्टलेगला घेतला. हरभजनच्या त्या डावातल्या १८-५-५१-० कडे कोणी बघतही नाही. एका बाजूने धावा आटोक्यात ठेवणारी ती १८ षटकं होती, म्हणून कुंबळेला झेलकरी जवळ ठेवून मारा करता आला.

एजाझ पटेल मूळचा मुंबईचाच. लहानपणी कुटुंबाबरोबर न्यूझीलंडला गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर परत येऊन त्याने दहा घेतले. गंमत बघा, त्याचेही बळी पाच झेल, तीन पायचीत, दोन त्रिफळा असेच, कुंबळेसारखे. पण इथे दुसरं टोक मोकळं होतं. ऑफस्पिनर सॉमरव्हिल १९-०-८०-०. एकही निर्धाव षटक नाही, षटकामागे चारच्या वर धावा. साउदीने २२ षटकांत ४३ दिल्या तेवढा काय तो आधार. म्हणजे लेकर आणि कुंबळे यांना मिळालेला दुसऱ्या बाजूचा दाब एजाझला सर्वात कमी मिळाला, तरी त्याने मयंक अगरवालच्या १५० धावांसमोर ४७.५ षटकं टाकली. भारताच्या ३२५ झाल्या आणि मग न्यूझीलंड ६२ धावांत बाद झालं, सामना ३७२ धावांनी गेला. आमच्यापैकी बऱ्याच जणांना तिघांतला हा डाव सर्वात अवघड वाटतो. तुम्हाला पटलं नाही तरी हरकत नाही, पण वाद घालायला लागणारे आकडे तरी छापलेले असू द्या.

याच डावावरून एक रोजच्या कामाची गोष्ट सांगून टाकतो. गोलंदाजांचा तक्ता बरोबर उतरला की नाही, हे दहा सेकंदांत तपासता येतं. सगळ्या गोलंदाजांच्या धावांची बेरीज करायची, त्यात बाय आणि लेगबाय, म्हणजे चेंडू बॅटला न लागता निघालेल्या धावा, मिळवायचे. डावाची धावसंख्या यायलाच हवी. एजाझ ११९, सॉमरव्हिल ८०, साउदी ४३, जेमीसन ३६, रवींद्र २०, मिचेल ९, बेरीज ३०७. बाय-लेगबाय १८. एकूण ३२५. षटकांचंही तसंच: ४७.५, १९, २२, १२, ४ आणि ५ मिळून १०९.५. जुळलं नाही, तर कुठेतरी आकडा घसरलाय. दोनच रकाने छापले की ही पडताळणी कोणालाच करता येत नाही, तुमच्या उपसंपादकालाही नाही.

चुका होतात त्या ठरावीक जागी. सर्वात जास्त होते ती षटकांतला ठिपका दशांश चिन्ह समजण्याची. ४७.५ म्हणजे साडेसत्तेचाळीस नव्हे, ४७ षटकं आणि ५ चेंडू, एकूण २८७. कसोटीत त्याने फारसं बिघडत नाही, टी-ट्वेंटीत बिघडतं. ०.५ षटकात १२ धावा गेल्या, तर यंत्रावर १२ भागिले ०.५ केल्यास २४ येतात. खरा दर १४.४ आहे. आधी चेंडू काढायचे, धावांना त्यांनी भागायचं, मग सहाने गुणायचं. दुसरा रस्ताच नाही.

जुन्या विक्रमांत षटक किती चेंडूंचं होतं ते बघावं लागतं. मार्च १९७९ मध्ये मेलबर्नला पाकिस्तानच्या सर्फराझ नवाझने ३५.४-७-८६-९ असं पृथक्करण नोंदवलं. तेव्हा ऑस्ट्रेलियात षटक आठ चेंडूंचं होतं. म्हणजे ३५ आठे २८० आणि वर ४, एकूण २८४ चेंडू. एजाझच्या २८७ पेक्षा फक्त तीन कमी! छापील ३५.४ आणि ४७.५ शेजारी ठेवले, तर हे डोक्यात येणंही कठीण. ऑस्ट्रेलियाला ३८२ हव्या होत्या, ३ बाद ३०५ पर्यंत ते पोचले होते आणि ३१० वर संपले. त्या पडझडीत सर्फराझने ३३ चेंडूंत एक धाव देऊन सात बळी घेतले. असे टप्पे मूळ पृथक्करणात विरघळून जातात, म्हणून मोठा टप्पा वेगळा लिहायला हवा.

वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यात धरण्याची पद्धत १९८०च्या दशकातली. त्याआधी त्या धावा नुसत्या अवांतर असत. त्यामुळे लेकर, सुभाष गुप्ते, नाडकर्णी यांच्या काळातल्या पृथक्करणाशी आजच्याची तुलना करताना आजचा गोलंदाज थोडा तोट्यात असतो. निर्धाव षटकाचंही तसंच: बाय किंवा लेगबाय गेला तरी षटक निर्धावच राहतं, आता वाइड किंवा नोबॉल पडला की राहत नाही. समालोचनात 'लेगबायने निर्धाव षटक हुकलं' हे वाक्य अजून ऐकू येतं, ते तेवढं सोडून द्यावं.

बळी कोणाच्या खात्यात, याचाही घोळ होतो. त्रिफळा, झेल, पायचीत, यष्टिचीत आणि स्वतःच्या यष्ट्या स्वतः पाडणं, हे गोलंदाजाचे. धावचीत, वेळेत न येणं, क्षेत्ररक्षणात अडथळा आणणं, हे नव्हेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्लीला अँजेलो मॅथ्यूज वेळेत तयार न झाल्याने बाद दिला गेला तेव्हा चेंडू शाकिबच्या हातात होता, पण तो बळी शाकिबचा नाही. १९९८ला ओव्हलवर श्रीलंकेच्या मुरलीधरनने इंग्लंडच्या दुसऱ्या डावात ६५ धावांत ९ घेतले. दहावा, ॲलेक स्टुअर्ट, धावचीत झाला. नाहीतर 'तीनच जण' हे वाक्य आम्हाला वर लिहिता आलं नसतं.

नऊवर थांबलेल्यांचा दहावा कुठे गेला, हे एका ओळीत द्यायची सवय लावून घेतलीत तर वाचक दुवा देतील. मुंबईचे सुभाष गुप्ते, कानपूर, डिसेंबर १९५८, वेस्ट इंडीजविरुद्ध १०२ धावांत ९. लान्स गिब्जचा झेल त्यांच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षकाकडून सुटला आणि तो बळी पुण्याच्या वसंत रांजणे यांना गेला. न्यूझीलंडचा रिचर्ड हॅडली, ब्रिस्बेन, १९८५, ऑस्ट्रेलियाविरुद्ध २३.४-४-५२-९. उरलेला बळी व्हॉन ब्राउनचा, कसोटीतला त्याचा एकमेव. आणि तो झेल घेतला हॅडलीनेच. दहाही गड्यांत हात असलेला माणूस नऊवर राहिला, कारण समोर आलेला झेल त्याने सोडला नाही.

गडी बाद कसे झाले, ही माहिती एका कंसात मावते, आणि गोलंदाजी समजायला तिच्याइतकी स्वस्त गोष्ट नाही. जानेवारी १९८८, मद्रास: नरेंद्र हिरवाणीचे पदार्पणात १३६ धावांत १६ बळी, १८.३-३-६१-८ आणि १५.२-३-७५-८. दुसऱ्या डावात किरण मोरेने पाच जणांना यष्टिचीत केलं, सामन्यात सहा. यावरून लगेच कळतं की वेस्ट इंडीजचे फलंदाज धूळ उडणाऱ्या खेळपट्टीवर पुढे सरसावून मारायला जात होते, हिरवाणी चेंडू हवेत ठेवून त्यांना आणखी पुढे खेचत होता, आणि यष्ट्यांमागे तितकेच चपळ हात होते. १६ बळींत मोरेचा वाटा किती, तेही कळतं. याच्या उलट ऑगस्ट २०१५, ट्रेंट ब्रिज: स्टुअर्ट ब्रॉड ९.३-५-१५-८, ऑस्ट्रेलिया १८.३ षटकांत ६०. आठही झेल. चेंडू टप्पा पडून बाहेर निघत होता, फलंदाज हात पुढे नेऊन खेळत होते आणि स्लिपची रांग एकही झेल सोडत नव्हती. दोन्ही डावांत आठ-आठ बळी, पण गोलंदाजीची जात वेगळी, झेलकऱ्यांची मांडणी वेगळी.

हॅटट्रिकच्या बाबतीत चेंडू कोणत्या षटकांत विभागले गेले ते लिहा. १० नोव्हेंबर २०१९ला नागपूरच्या जामठा मैदानावर दीपक चहरने बांगलादेशविरुद्ध ३.२-०-७-६ असं पृथक्करण नोंदवलं. त्याची हॅटट्रिक अठराव्या षटकाचा शेवटचा चेंडू आणि विसाव्याचे पहिले दोन, अशी झाली. मर्व्ह ह्यूजची १९८८ मधली पर्थची हॅटट्रिक तर तीन षटकांत आणि दोन डावांत पसरलेली होती. अशी हॅटट्रिक मैदानावर कोणाच्या लक्षात येत नाही. ती सापडते वहीत, गोलंदाजाच्या आडव्या ओळीत.

टी-ट्वेंटीत निर्धावचा रकाना बहुतेक वेळा शून्य असतो हे मान्य. लॉकी फर्ग्युसनचं पापुआ न्यू गिनीविरुद्धचं ४-४-०-३ रोज होत नाही. तिथे निर्धाव षटकांच्या जागी कोणती षटकं टाकली ते द्या. २९ जून २०२४, ब्रिजटाउन, विश्वचषकाचा अंतिम सामना: बुमरा ४-०-१८-२. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या असताना त्याने सोळावं षटक टाकलं, ४ धावा. अठरावं टाकलं, २ धावा आणि यान्सनचा त्रिफळा. सतराव्यात हार्दिकने क्लासेनला बाद करून ४ दिल्या, एकोणिसाव्यात अर्शदीपने ४. ३०, २६, २२, २०, १६ अशी ती उतरण आहे. 'बुमरा १८ धावांत २' या ओळीत सोळा आणि अठरा हे दोन आकडे नाहीत, म्हणून सामनाही नाही.

षटकांचा रकाना कधीकधी उद्याची बातमीही आज सांगतो. २०२४-२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बुमराने ३२ बळी घेतले, सरासरी १३.०६. हे सगळीकडे छापून आलं. १५१.२ षटकं, म्हणजे ९०८ चेंडू, हे फार थोड्या ठिकाणी आलं. मेलबर्नच्या एका सामन्यात ५३.२ षटकं टाकून तो सिडनीला गेला, तिथे पहिल्या डावात १० षटकांनंतर पाठ धरली आणि दुसऱ्या डावात त्याला चेंडू हातात घेता आला नाही. ज्यांनी तो पहिला रकाना रोज वाचला होता, त्यांना धक्का बसला नाही.

महिला क्रिकेटला हा नियम तितक्याच काटेकोरपणे लावा. तिथे तर कित्येकदा दोन आकडेही येत नाहीत, नुसतं 'प्रभावी मारा केला' असतं. नीतू डेव्हिडने १९९५ला जमशेदपूरला इंग्लंडविरुद्ध ५३ धावांत ८ घेतले, महिला कसोटीत एका डावात याहून चांगली कामगिरी झालेली नाही, आणि तो सामना भारत २ धावांनी हरला. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत दीप्ती शर्माने ९.३-०-३९-५ करून विश्वचषक आणला. त्या पाचांत शतक करून उभी असलेली लॉरा वोल्वार्ड होती. हे सगळं एका ओळीत मावतं.

तर मागणी अशी. धावफलकात प्रत्येक गोलंदाजाचे चारही रकाने छापा, षटकं-निर्धाव-धावा-बळी याच क्रमाने. गोलंदाज ज्या क्रमाने मारा करायला आले त्याच क्रमाने लावा. बळींच्या उतरत्या क्रमाने लावलेत तर नवा चेंडू कोणी हाताळला ते हरवतं. चार किंवा जास्त बळी घेतलेल्याच्या, आणि कसोटीत वीसपेक्षा जास्त षटकं टाकलेल्याच्या नावापुढे कंसात झेल, पायचीत, त्रिफळा, यष्टिचीत यांची संख्या द्या. ज्या टप्प्यात सामना फिरला तो वेगळा लिहा आणि कोणत्या टोकाकडून, तेही. समालोचक मंडळींनी नवा गोलंदाज आला की आधीच्या टप्प्याचे चार आकडे एकदा बोलून दाखवावेत. त्याला पाच सेकंद लागतात, जाहिरातीच्या आधी तेवढे मिळतात.

नमुना म्हणून वानखेडेचीच, ३ नोव्हेंबर २०२४ची एक ओळ सोबत देतो. भारताला १४७ हव्या होत्या, १२१ झाल्या, न्यूझीलंडने २५ धावांनी सामना आणि तीन सामन्यांची मालिका ३-० अशी जिंकली:

एजाझ पटेल १४.१-१-५७-६. पहिल्या डावात १०३ धावांत ५, सामन्यात १६० धावांत ११. याच मैदानावर २०२१ मध्ये २२५ धावांत १४, दोन कसोटींत २५ बळी.

अक्षरं मोजून पाहा. फलंदाजाच्या चाकापेक्षा जागा कमीच लागते.

कळावे,

आपले,
काही गुणलेखक